पाण्याच्या मागे धावणारा रॅम्प: लेक मीड जलाशयाचा एक प्रकरण अभ्यास

मोटरबोट पाण्यात उतरवायची तर आधी गाडी उलटी घ्यावी लागते. गाडीमागे ट्रेलर असतो, ट्रेलरवर बोट. चालक आरशात बघत काँक्रीटच्या उतारावरून हळूहळू मागे सरकतो. ट्रेलरची चाकं बुडतात, बोट तरंगायला लागते, कुणीतरी दोर धरून उभं असतं, आणि मोकळा ट्रेलर घेऊन गाडी वर निघून जाते. जमलं तर पाच मिनिटांचं काम. अट एकच: काँक्रीट संपायच्या आत पाण्याला पुरेशी खोली मिळाली पाहिजे. ती नाही मिळाली तर चालक आणखी थोडा मागे जातो, अजून थोडा, आणि एका क्षणी ट्रेलरचं चाक काँक्रीटच्या शेवटच्या कडेवरून खाली जातं. आस कडेवर आपटते. आता पुढे ओढावं तर चाक अडकलेलं, आणि मागे आणखी वीस गाड्या उन्हात उभ्या.

ती कड वरून दिसते त्याहून जास्त खोल असते. परतताना बरेच जण मोटर चालू ठेवूनच बोट ट्रेलरवर चढवतात. पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकाखालची वाळू आणि खडी उपसून काढतो, आणि काँक्रीटच्या पायाशी खड्डा पडतो. पाणी भरपूर असतं तेव्हा हा खड्डा कुणाच्या वाटेला येत नाही. पाणी उतरलं की तो नेमका चाकाखाली येतो.

मला या प्रकरणात त्या कडेबद्दलच लिहायचं आहे. अमेरिकेत नेवाडा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीवर, हूवर धरणामागे लेक मीड हा जलाशय आहे. पूर्ण भरला तर त्याच्या साठवण क्षमतेत अमेरिकेतला दुसरा कुठलाही जलाशय त्याच्या पुढे नाही. आपल्या हिशेबात ही क्षमता 1,100 टीएमसीच्या पुढे जाते. 2022 च्या जुलैत हा जलाशय साधारण 27 टक्क्यांवर आला होता, आणि त्या उन्हाळ्यात एवढ्या अफाट पाण्यावर मोठी बोट भरवशाने उतरवता येईल अशी जागा जवळपास एकच उरली होती: हेमेनवे हार्बर. पाणी तर होतं, मैलोन् मैल होतं. त्याच्यापर्यंत पोचायची वाट उरली नव्हती.

करमणुकीचं नाव यादीत नाही

हे असं का झालं ते समजायला 1928 च्या कायद्यापर्यंत मागे जावं लागतं. ज्या कायद्याने हे धरण मंजूर केलं, त्यात धरणाचा वापर कशासाठी आणि कुठल्या क्रमाने करायचा हे लिहून ठेवलं आहे. पहिलं, नदीचं नियमन, नौकानयनात सुधारणा आणि पूरनियंत्रण. दुसरं, शेती आणि घरगुती वापर. तिसरं, वीज. पोहणं, मासेमारी, बोटिंग, किनाऱ्यावर तंबू ठोकणं यांचा त्या क्रमात उल्लेखही नाही.

धरणाचं लोकार्पण 1935 च्या सप्टेंबरमध्ये झालं. उंची 726 फूट. पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, धरण बांधणाऱ्या ब्यूरो ऑफ रिक्लमेशनने जलाशयाभोवतीचा परिसर करमणुकीसाठी सांभाळायचं काम नॅशनल पार्क सर्व्हिसकडे दिलं. 1964 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून लेक मीडला राष्ट्रीय करमणूक क्षेत्राचा दर्जा दिला. म्हणजे किनारा एका संस्थेच्या ताब्यात आणि पाणी दुसऱ्या संस्थेच्या. पार्क सर्व्हिस रॅम्प बांधू शकते, स्वच्छतागृहं बांधू शकते, रेंजर नेमू शकते. पाणी कुठल्या पातळीला ठेवायचं हे ठरवायचा अधिकार तिला नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. आपण 'तलाव' म्हणतो आणि डोळ्यांपुढे किनारा येतो. किनारा म्हटला की वाटतं, पाणी इथवर येणार, फार तर हात-दोन हात पुढेमागे. पण जलाशय म्हणजे कोठार. भरायचं कधी आणि उपसायचं कधी हे ज्याचं धान्य तो ठरवतो. कोठाराच्या दारात खेळणाऱ्या मुलांना कुणी विचारत नाही.

आणि हे कोठार पहिल्यापासून जास्तीच्या हिशेबावर उभं आहे. 1922 च्या करारात नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट पाणी वर्षाला वाटून दिलं (एक एकर जमिनीवर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट). 1944 च्या तहात मेक्सिकोला आणखी 15 लाख मिळालं. बेरीज होते 165 लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे 718 टीएमसी. हिशेब मांडला तेव्हाची वर्षं भरपूर पाण्याची होती. गेल्या पाव शतकात नदी सरासरी तेवढं पाणी आणत नाही, आणि वर जलाशयाच्या उघड्या पृष्ठभागावरून वाळवंटी उन्हात बाष्पीभवन होतं ते वेगळंच. दर वर्षी थोडं जास्त काढायचं आणि फरक कोठारातून भागवायचा, असं चालत आलं.

पातळीचे आकडे समुद्रसपाटीपासून फुटांत मोजतात. 1983 च्या पुरात पाणी 1,225 फुटांच्या वर गेलं आणि सांडव्यांवरून वाहिलं. 2000 च्या सुरुवातीला ते 1,214 च्या आसपास होतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. 2022 च्या जुलैअखेर पातळी 1,040 फुटांपर्यंत खाली आली. जलाशय पहिल्यांदा भरत होता त्या 1930 च्या दशकानंतर एवढं खाली पाणी कधी गेलं नव्हतं. कड्यांवर तो फरक आजही चुन्यासारख्या पांढऱ्या पट्ट्याने दिसतो. पाण्यातले क्षार खडकावर बसून झालेला हा पट्टा तेव्हा पंधरा-सोळा मजली इमारतीएवढा उंच होता.

उभा एक फूट, आडवे शंभर

बातम्यांत पातळीचा आकडा यायचा. बोट ओढून आणणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं असतं ते आडवं अंतर, आणि इथे उताराचं गणित मध्ये येतं. बोट उतरवायच्या रॅम्पला साधारण 12 ते 15 टक्के उतार लागतो. त्याहून कमी असेल तर ट्रेलर पुरेसा बुडायच्या आत गाडीचीच मागची चाकं पाण्यात जातात. त्याहून जास्त असेल तर ओल्या काँक्रीटवर भरलेला ट्रेलर वर ओढताना गाडी घसरते. 14 टक्के धरले, तर पाणी एक फूट उतरलं की रॅम्प सुमारे सात फूट लांबवावा लागतो. 2022 च्या जानेवारी ते जुलै या काळात लेक मीड सुमारे 27 फूट उतरला. म्हणजे जवळजवळ 190 फूट नवा रॅम्प, तोही सात महिन्यांत, आणि तोही खाली जमीन सोयीच्या उताराची आहे असं धरून.

ती तशी नसतेच. एको बे आणि ओव्हरटन बीच या जागा जलाशयाच्या उत्तरेकडच्या लांब फाट्यावर आहेत. तिथे पाण्याखाली जुन्या नदीखोऱ्यांची रुंद, सपाट जमीन आहे. अशा जमिनीचा उतार एक टक्का धरला तर पाणी एक फूट उतरल्यावर किनारा शंभर फूट मागे जातो. 27 फुटांना अर्ध्या मैलाहून जास्त. एवढ्या अंतरावर रॅम्प लांबवून भागत नाही, रस्ताच बांधावा लागतो, आणि तो रस्ता जिथे संपेल तिथलं पाणी बोट उतरवायला पुरेसं खोल नसतंच. उलट हेमेनवे हार्बर धरणाजवळच्या खोल भागात आहे. तिथे कडे सरळ खाली जातात, किनारा पाण्याबरोबर फार लांब पळत नाही. हेमेनवे शेवटपर्यंत टिकला याचं श्रेय मी नियोजनापेक्षा भूगोलालाच देईन.

उथळ टोकाकडच्या जागा आधी गेल्या, हाही योगायोग नव्हता. लास वेगस बे इथली मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या तरंगत्या धक्क्यांचा तळ, 2002 मध्ये हलवावी लागली. ओव्हरटन बीचची मरीना 2007 मध्ये बंद झाली. बोल्डर हार्बरमधली मोठी मरीना 2008 मध्ये हेमेनवेला आणली. मरीना हलवणं म्हणजे नुसते तरंगते धक्के ओढून नेणं नाही. धक्के तळाशी टाकलेल्या जड नांगरांना पोलादी दोरांनी बांधलेले असतात. पाणी उतरतं तसे दोर सैल पडतात, धक्का वाऱ्याने फिरायला लागतो, म्हणून दोर सतत ओढून घ्यावे लागतात, नांगर आणखी खोलात नेऊन टाकावे लागतात. किनाऱ्यावरून येणारी वीज, पिण्याचं पाणी, सांडपाण्याचा नळ, चालत जायचा पूल, सगळं वाढवत न्यावं लागतं. हे काम करणारी माणसं पातळीचा आकडा रोज बघतात, कारण चार-पाच दिवस दुर्लक्ष झालं तर धक्क्याचं एक टोक जमिनीला टेकतं.

या सगळ्या स्थलांतरांचा एक परिणाम तेव्हा फारसा बोलला गेला नाही. प्रत्येक बंद झालेल्या जागेची गर्दी पुढच्या जागेवर गेली. 2022 पर्यंत ती शेवटच्या जागेवर येऊन थांबली.

काँक्रीट उशिरा पोचतं

पार्क सर्व्हिसने वर्षानुवर्षं एकच उपाय केला: पाणी जाईल तिकडे रॅम्प न्यायचा. 2010 पासून बोटींची वाट चालू ठेवण्यासाठी 4 कोटी डॉलरहून जास्त खर्च झाल्याचं तिनेच सांगितलं, आणि पाणी दर चार फूट खाली गेलं की एक रॅम्प पुन्हा चालू करायला 20 ते 30 लाख डॉलर लागतात असंही. 2022 च्या पहिल्या सहामाहीत पाणी महिन्याला साधारण चार फूट उतरत होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एका रॅम्पला दर महिन्याला 20 ते 30 लाख डॉलर, आणि शेवट कुठे हे कुणाला ठाऊक नाही.

पैशाहून मोठी अडचण वेळेची होती. पाण्याखाली काँक्रीट ओतणं अवघड आणि महाग. त्यामुळे पाणी मागे जाण्याची वाट बघायची. ते मागे गेलं की उघडी पडलेली जमीन गाळाची, त्यावर अवजड यंत्रं नेता येत नाहीत. ती सुकेपर्यंत थांबायचं. मग भराव, मग काँक्रीट, मग ते पक्कं व्हायची वाट. तोवर पाणी आणखी चार फूट खाली. उतरत्या पाण्यामागे धावणारं काँक्रीट पोचतं ते कायम जिथे पाणी गेल्या महिन्यात होतं तिथे. मधली सोय म्हणून लोखंडी पाइप एकमेकांना जोडून केलेल्या चटया टोकाला अंथरल्या गेल्या. त्या गाळात रुतत नाहीत आणि पुढे सरकवता येतात. पण त्यांच्यावरून एका वेळी एकच गाडी, आणि तीही जपून. रॅम्पवर चार-पाच रांगा चालायच्या तिथे एक उरली.

सुट्टीच्या दिवशी एका रांगेचा अर्थ काय होतो हे तिथे थांबलेल्यालाच कळतं. पहाटे निघालेली कुटुंबं बोट पाण्यात पडेपर्यंत दुपार करतात. या जलाशयावर दुपारी वारा उठतो. म्हणजे सकाळचं शांत पाणी रांगेत गेलं, आणि वाट्याला आलं ते लाटांचं पाणी. संध्याकाळी सगळे एकदम परततात, पुन्हा तीच रांग, आता बोटी पाण्यात एकमेकींना चुकवत थांबलेल्या, मुलं उन्हाने थकलेली. प्रवेश कमी झाला की सुरक्षितताही त्याच्याबरोबर कमी होते.

पाणी उतरल्यावर वर आलेलं

नकाशेही जुने झाले. बोटीतल्या पडद्यावरचा खोलीचा नकाशा भरलेल्या तलावाचा होता. जिथे चाळीस फूट पाणी दाखवत होता तिथे आता खडकाचं टोक पाण्याच्या हातभर खाली. धोक्याच्या खुणा दाखवणारे तरंगते बॉय पुन्हा पुन्हा हलवावे लागले, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात नव्याने वर आलेल्या खडकावर कुठलीच खूण नसायची. किनाऱ्यावर वेगळा धोका. नव्याने उघडा पडलेला गाळ वरून भेगाळून वाळलेला दिसतो. पाय ठेवला की पापुद्रा फुटतो आणि मांडीपर्यंत माणूस आत. त्या उन्हाळ्यातली एक बुडालेली जुनी बोट अनेकांनी छायाचित्रात पाहिली असेल: मागचा भाग गाळात रुतलेला, नाक सरळ आकाशाकडे, खांबासारखी उभी.

2007 च्या जानेवारीत इथे क्वागा नावाचे शिंपले सापडले. नखाएवढा हा प्राणी बाहेरच्या जलाशयांतून बोटींना चिकटून आला असावा. तो खडक, दोर, पाइप, बोटीचा तळ, जिथे मिळेल तिथे थरच्या थर बसतो. पाणी उतरलं तसे हे थर उघडे पडले. चाकूच्या धारेसारख्या कडांच्या त्या कवचांवरून अनवाणी चालणं अशक्य. आणि हा प्राणी इथून पुढे पसरू नये म्हणून तिथे दर पर्यटकाला तीन गोष्टी सांगितल्या जातात: बोट स्वच्छ करा, आतलं पाणी काढून टाका, पूर्ण वाळू द्या. रॅम्पवर रांग असताना ही तिसरी गोष्ट कुणाला नकोशी वाटते. पण एका ओल्या बोटीतून हा प्राणी दुसऱ्या तलावात गेला तर तिथून तो परत काढता येत नाही. त्यामुळे या एका बाबतीत सूट देऊ नये, कितीही गर्दी असो, असं माझं ठाम मत आहे.

लाइफ जॅकेटचंही तसंच. तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घातलेलंच पाहिजे असा नियम आहे. मोठ्यांना मात्र ते बोटीत जवळ असलं तरी चालतं. लेक मीड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या सर्वाधिक बुडून मृत्यू होणाऱ्या जागांपैकी एक आहे, आणि बुडणाऱ्यांत लाइफ जॅकेट न घातलेले पट्टीचे पोहणारेही असतात. घडतं ते साधारण असं. कुणीतरी बोटीवरून सहज उडी मारतो. वारा बोटीला ढकलतो. पोहणारा बोटीच्या मागे पोहतो, बोट त्याच्यापेक्षा वेगाने दूर जाते. हवा भरलेल्या गादीवर पहुडलेलं मूल असेल तर त्याला वारा किनाऱ्यापासून तोडून नेतो. या अपघातांत पाण्याच्या खोलीचा संबंध फार थोडा. घातलेलं जॅकेट आणि बोटीत ठेवलेलं जॅकेट यांतलं अंतर वाऱ्याच्या एका झोताचं आहे.

1 मे 2022 ला हेमेनवेजवळच्या गाळात एक गंजलेलं पिंप दिसलं आणि त्यात मानवी अवशेष होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो खून 1970 च्या दशकाच्या मध्यापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंतच्या काळातला. त्यानंतर आणखी अवशेष सापडत गेले. जगभरच्या बातम्यांनी लेक मीडचं नाव घेतलं ते या पिंपामुळे, आणि मला ते खटकतं, कारण तिथे उघडी पडलेली खरी मोठी गोष्ट वेगळी होती.

ती म्हणजे सेंट थॉमस. 1865 मध्ये मॉर्मन पंथीयांनी वसवलेलं हे गाव जलाशयाखाली गेलं. 1938 मध्ये, पाणी दाराशी आल्यावर, शेवटच्या रहिवाशाने ते सोडलं. 2000 नंतरच्या उतारात ते पुन्हा वर आलं आणि आता तिथे पायवाट आहे. शाळेच्या पायऱ्या आहेत, त्या कुठल्याच दाराशी नेत नाहीत. आइस्क्रीमच्या दुकानाची उंच चिमणी उभी आहे. घरांचे चौथरे आहेत, पाण्याच्या टाक्यांचे गोल खड्डे आहेत, पाय ठेवताना सांभाळावं लागतं. पाणी असताना तिथे बोटी फिरायच्या, आता लोक चालतात. जलाशयाकाठची करमणूक पाणी गेल्यावर मरते असं नाही, ती दुसरी होते. धरण बांधताना 1931 मध्ये टाकलेल्या रेल्वेमार्गाची आता चालायची वाट झाली आहे, पाच मोठ्या बोगद्यांतून जाणारी. तिला जलाशयाच्या पातळीशी काहीच घेणंदेणं नाही. पाणी 1,220 वर असो की 1,040 वर, ती चालूच.

2021 मध्ये या क्षेत्राला सुमारे 76 लाख भेटी झाल्या, 2022 मध्ये 56 लाखांच्या आसपास. या घसरणीचं सगळं खापर मी रॅम्पवर फोडणार नाही. आदल्या वर्षी महासाथीनंतर घराबाहेर पडलेल्यांची गर्दीही मोठी होती. तरीही, एकच रॅम्प उरलेल्या जलाशयाकडे बोटवाले पाठ फिरवणारच.

त्याच तळ्यातली दुसरी आखणी

याच जलाशयातून लास वेगस आपलं जवळपास 90 टक्के पाणी घेतं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेपुढेही हाच प्रश्न होता: तलाव उतरतोय, आणि आपली पाणी उपसायची तोंडं वर राहणार. तिने काय केलं? जुन्या पाणीउपशाच्या तोंडांखालून, तलावाच्या तळापर्यंत, एक नवा बोगदा खणला. तो 2015 मध्ये पूर्ण झाला, सुमारे 81.7 कोटी डॉलरचा. त्याला जोडून कमी पातळीवर चालणारं पंपिंग स्टेशन 2020 मध्ये तयार झालं. पाणी 895 फुटांच्या खाली गेलं, म्हणजे धरणातून पुढे थेंबही सोडता येणार नाही अशा मृतसाठ्याच्या पातळीला पोचलं, तरी या स्टेशनला उपसा करता येतो. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वांत जुनं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं, तेव्हा स्टेशन सुरू झालं आणि शहराचा नळ एक दिवसही थांबला नाही.

तलाव तोच, वर्षं तीच, अंदाजही तेच. एकीने सर्वांत वाईट पातळी गृहीत धरून एकदाच खोल खणलं, दुसरी चार-चार फुटांनी मागे धावत राहिली. तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मला मान्य आहे. लाखोंच्या पिण्याच्या पाण्याला जो पैसा मिळतो तो बोटिंगला मिळणार नाही, मिळूही नये. पण फरक फक्त पैशाचा नव्हता. पाणीपुरवठ्याने पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं की पातळी आपल्या हातात नाही. करमणुकीच्या आखणीत मात्र वर्षानुवर्षं एक आशा होती की एक चांगला हिवाळा येईल आणि पाणी पुन्हा जुन्या रॅम्पला लागेल.

आणखी एक तुलना त्याच उद्यानाच्या हद्दीत आहे. हूवर धरणाच्या खाली, डेव्हिस धरणामागे, लेक मोहावे आहे. 2022 च्या त्या उन्हाळ्यात तिथले रॅम्प व्यवस्थित चालू होते. कारण मोहावेची पातळी साधारण 630 ते 645 फुटांच्या अरुंद पट्ट्यात राखली जाते. खाली पाणी मोजून सोडायचं तर मधलं भांडं स्थिर ठेवावं लागतं. ते स्थिर राहतं कारण वरचं मोठं भांडं, म्हणजे लेक मीड, सगळे चढउतार पोटात घेतं. कॉटनवुड कोव्ह किंवा कॅथरिन लँडिंगला बोट उतरवणाऱ्या माणसाच्या सुखामागे हेमेनवेच्या रांगेतल्या माणसाची दुपार आहे. दोघांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ज्याच्या हाती दोन्ही किनारे आहेत त्या संस्थेला ठाऊक आहे, आणि मोठ्या बोटी मोहावेकडे व मीडवर हलक्या, हाताने उतरवता येणाऱ्या कयाकसारख्या नावा अशी वाटणी तिला खूप आधी सुचायला हरकत नव्हती.

तीन वाटा

2022 च्या अखेरीस पार्क सर्व्हिसने कमी पाण्यातल्या प्रवेशाची योजना लोकांपुढे ठेवली. कल्पना ढोबळमानाने तीन होत्या. जिथे शक्य आहे तिथले रॅम्प 950 फुटांच्या पातळीपर्यंत लांबवत न्यायचे. काही ठिकाणी काँक्रीट सोडून मातीच्या साध्या उतारावरून लहान नावा उतरवू द्यायच्या. किंवा काही जागा मोटरबोटींना बंद करून किनाऱ्यापुरत्याच ठेवायच्या. तिसऱ्या कल्पनेला बोटमालकांनी जोरदार विरोध केला. त्यांचा राग मला समजतो. कुणी पिढ्यान् पिढ्या तिथे मुलांना मासे धरायला शिकवलं, कुणी आयुष्याची पुंजी बोटीत घातली. त्यांना कागदावर एक रेघ दाखवून सांगायचं की ही जागा आता तुमची नाही, हे सोपं नसतं.

तरी मला विचाराल तर सगळीकडे लांबवत जाणं ही त्यांच्याशीही प्रामाणिक वाट नव्हे. खोल पाण्याच्या दोन-तीन जागा निवडाव्यात, तिथे 950 पर्यंतचा पैसा एकदाच घालावा, आणि रांगा, पार्किंग, बोट धुवायची सोय तिथेच वाढवावी. उथळ फाट्यावरच्या जागा हाताने उचलून नेता येतील अशा नावांसाठी, पोहण्यासाठी, चालण्यासाठी मोकळ्या कराव्यात. कयाकला रॅम्प लागत नाही. ती दोघं जण डोक्यावर घेऊन पाणी असेल तिथवर जातात, आणि एको बेसारख्या जागेला शंभर फूट मागे सरकणाऱ्या किनाऱ्याचा त्रास होत नाही.

दुसरी गोष्ट बिनपैशाची आहे. ब्यूरो ऑफ रिक्लमेशन दर महिन्याला पुढच्या 24 महिन्यांच्या पातळीचा अंदाज जाहीर करतं. ऑगस्टच्या अंदाजावरून टंचाई जाहीर होते आणि ॲरिझोनाच्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षी किती पाणी कमी मिळणार ते आधीच कळतं. प्रत्येक रॅम्प कुठल्या पातळीला बंद पडतो हेही माहीत असतं. हे दोन तक्ते एकत्र छापले, तर बोटमालकालाही वर्षभर आधी कळेल की पुढच्या जूनमध्ये आपला रॅम्प चालू असेल की नाही. मरीनाच्या जागेचं भाडं भरायचं की नाही हे तो त्यावर ठरवू शकेल, आणि बंदच्या पाटीसमोर ट्रेलर वळवायची वेळ येणार नाही.

2022-23 च्या हिवाळ्यात वरच्या डोंगरांत भरपूर बर्फ पडलं. मे 2023 मध्ये खालच्या खोऱ्यातल्या राज्यांनी 2026 पर्यंत 30 लाख एकर-फूट वापर कमी करायचं मान्य केलं. पातळी चढली, 2024 च्या सुरुवातीला 1,075 च्या आसपास पोचली. पाइपांच्या चटया पाण्याखाली गेल्या, मरीनावाल्यांनी दोर उलट्या दिशेने ओढून घेतले, नांगर पुन्हा किनाऱ्याकडे आणले. 2025 च्या उन्हाळ्यात पाणी परत 1,060 च्या खाली उतरलं. पाणी कुठल्या पातळीला किती कापायचं हे ठरवणाऱ्या 2007 च्या नियमांची मुदत 2026 मध्ये संपते. नव्या नियमांत जलाशय ज्या दोन पातळ्यांच्या मध्ये हलू दिला जाईल, त्यांतली खालची पातळी हेमेनवेच्या रॅम्पचं टोक कुठवर न्यायचं ते ठरवेल. तो आकडा ठरेल त्याच आठवड्यात पार्क सर्व्हिसच्या अभियंत्यांनी तो घेऊन खोलीच्या नव्या नकाशावर रेघ मारायला बसावं, पाणी तिथवर उतरायची वाट न बघता.